उशिराचा रकाना

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. "सरकारी दवाखान्यातल्या कागदांमुळे पेशंट रखडतात, असं बाहेरून लिहिणं सोपं आहे. एक सही राहिली तर वसुली आमच्या पगारातून होते, तुमच्या नाही. नियम ढिले केले की औषधांना पाय फुटतात," असं तुम्ही लिहिलंय. औषधांच्या स्टोअरमध्ये नोकरी केलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

औषधांना पाय फुटतात हे खरंच आहे. स्टॉक रजिस्टर, इंडेंट (स्टोअरमधून औषध मागवायची चिठ्ठी), एक्स्पायरीची नोंद, यातलं काहीही काढून टाका असं मी म्हटलेलं नाही. नियमांनी जीव वाचतात याचाही भक्कम पुरावा आहे. ऑपरेशनआधी पेशंट कोण, कुठली बाजू, कसली ॲलर्जी, हे मोठ्याने वाचून तपासायची जागतिक आरोग्य संघटनेची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पण ती यादी पेशंटच्या उशाशी उभं राहून वाचतात. तिच्यासाठी कुणाला दुसऱ्या खिडकीवर धाडत नाहीत.

माझं भांडण क्रमाशी आहे. आधी काय आणि मग काय? परमानंद कटारा खटल्यातली हकीकत बघा. गाडीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेलं, तर तिथे एमएलसी, म्हणजे पोलीस-कायद्याशी संबंध येणारी केस, घ्यायची परवानगी नव्हती. सुमारे वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या म्हणाले, आणि तो वाटेतच गेला. कागदावर त्या रुग्णालयाचं चुकलेलं काहीच नव्हतं! सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं आधी. कायद्याची कुठलीही औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. तरीही १९९२ मध्ये पश्चिम बंगालात रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयाने घेतलं. १९९६ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि वेळेवर उपचार न देणं हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला.

आता तुमच्या वसुलीच्या मुद्द्याकडे येतो, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. शनिवारची रात्र आहे. इंजेक्शन स्टोअरमध्ये आहे आणि स्टोअरला कुलूप आहे. सिस्टरने इंडेंट लिहिलंय, पण ज्यांची सही हवी ते मेडिकल ऑफिसर ऑपरेशनमध्ये अडकलेत. सहीशिवाय इंजेक्शन दिलं तर ऑडिटचा आक्षेप, खुलासा, वसुली. सोमवारपर्यंत दिलंच नाही तर? काहीच नाही. औषध न दिल्याबद्दल कुणावर ऑडिट पॅरा आल्याचं तुमच्या ऐकिवात आहे का? मी पाहिलेल्या इंडेंटवर तारीख असते, नग असतात, बॅच नंबर असतो. किती वाजता मागितलं आणि किती वाजता मिळालं, हे लिहायला रकानाच नसतो. खर्च दिसतो, उशीर दिसत नाही. मग माणूस साहजिकच जिथे अंगाशी येत नाही तिथे थांबतो. यात मी तुम्हाला दोष देत नाही, अजिबात नाही.

वेळ मोजायला लागलो की आणखी एक रजिस्टर वाढेल, ही तुमची भीती रास्त आहे. इंग्लंडमध्ये कॅज्युअल्टीतला पेशंट चार तासांत हलवायचं उद्दिष्ट ठरवलं, तर चार तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत पेशंट वॉर्डात ढकलण्याची लाट दिसू लागली. म्हणून मी उद्दिष्ट मागतच नाही. आहे त्याच इंडेंटवर वेळेचे दोन रकाने हवेत. तातडीच्या वेळी ड्यूटीवरच्या डॉक्टरची एकच सही पुरावी, बाकीच्या सह्या कामाच्या पुढच्या दिवशी व्हाव्यात, आणि अशा औषधाची वसुली स्टोअरकीपरवर लागू नये, हे लेखी असावं.

"मग जबाबदार कोण?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. औषध लागतंच होतं याची जबाबदारी सही करणाऱ्या डॉक्टरची. नग मोजून दिले याची तुमची. आणि रात्री दोन वाजतासुद्धा तीन सह्या लागतील असं ज्यांनी ठरवलं, उशीर त्यांच्या नावावर. तुमच्याकडे तातडीच्या इंडेंटबद्दल असा काही लेखी आदेश निघाला असेल तर त्यातला मजकूर जरूर कळवा. दवाखान्याचं नाव न घेता इथे देईन, इतर ठिकाणच्या स्टोअरवाल्यांना तो वरिष्ठांपुढे ठेवता येईल.