कटिंग मास्टर राहूनच गेले

'मास्टर' हा शब्द वापरावा की टाळावा, याबद्दलच्या लेखात या इंग्रजी शब्दाचे दोन वेगळे कप्पे केलेत: एक हुकूम सोडणारा धनी, दुसरा कलेत पारंगत. हे मला पटलं नाही. माझे वडील टेलरिंगच्या दुकानात कटिंग मास्टर होते. गिऱ्हाइकाचं माप तेच घेणार, कापडावर खडूने आखणी तेच करणार, कात्रीही तेच चालवणार. शिलाई आणि काजं-बटणं कारागिरांकडे. सुटाचं महागडं कापड चुकीचं कापलं तर सगळंच वाया, त्यामुळे दुकानात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. मालकाचाही नाही! ती हुकमत आली होती हातातल्या कसबातून. युरोपातल्या जुन्या गिल्डांत, म्हणजे कारागिरांच्या संघांतही तेच. मास्टर झाल्याशिवाय सहसा स्वतःचं दुकान थाटता येत नसे, शिकाऊ पोरं ठेवता येत नसत. मूळ लॅटिन 'मॅजिस्टर' म्हणजे प्रमुखही आणि शिक्षकही. आपले मास्तर त्याच घराण्यातले.

संगणकातल्या 'मास्टर-स्लेव्ह' (धनी-गुलाम) या जोडीबद्दल मात्र लेखकाशी शंभर टक्के सहमत. जुन्या हार्डडिस्कवर जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) लावून ही नावं ठरवावी लागायची, ती गेली ते उत्तम झालं. कोड साठवायच्या गिटहब या संकेतस्थळाने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) मुख्य शाखेला 'मास्टर'च्या जागी 'मेन' हे नाव आणलं, त्यालाही माझा विरोध नाही. पण त्याच झाडूने ग्रँडमास्टर, मास्टर्स डिग्री आणि कटिंग मास्टर झाडून टाकू नका. तिथे कुणी कुणाचा गुलाम नाही.