‘चलता’ नको, १२०/९०-१७ द्या

गेल्या तीन आठवड्यांत सात दुकानांत मी एकच वाक्य बोललोय. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल, मागचा टायर, १२०/९०-१७, यंदा बनलेला. यात न कळण्यासारखं काय आहे? गोव्यात डिचोलीत विचारलं, म्हापशात विचारलं, फोंड्याला गेलो, पणजीत दोन ठिकाणी उभा राहिलो. कोणी १२०/८० काढून दाखवला, कोणी १४०. एकाने तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत पोराला हाक मारून गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला लावली, साइज विचारलीच नाही. आणि सगळीकडे शेवट तोच. ‘चलता रे बाब, कांयच जावचें ना.’ म्हणजे चालतं रे, काही होणार नाही.

नाही चालत. त्या टायरच्या बरोब्बर वर माझी बायको बसते. तिच्या मागे सामानाची पेटी असते, दोन्ही बाजूंना बॅगा असतात, आणि अशा गाडीवर आम्ही महिन्यातून एकदा चोर्ला घाट चढून तिच्या माहेरी बेळगावला जातो. जूनमध्ये जातो, जुलैमध्ये जातो, केरीपासून कणकुंबीपर्यंत धुक्यात हेडलाइट लावून जातो. तिथे काय चालतं आणि काय नाही हे दुकानात स्टुलावर बसून ठरवायचं नसतं.

आधी त्या १२०/८० चं बघू, कारण तो मला तीन जणांनी दिला. ‘पल्सर २२० ला हाच लागता.’ लागतो ना, तिला बरोबर आहे, ती गाडी त्या मापावर बांधलीय. माझी नाही. १२० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे त्या रुंदीच्या नव्वद टक्के उंची, म्हणजे १०८ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ८० घेतला की उंची होते ९६. वर बारा कमी, खाली बारा कमी, सगळं चाक २४ मिलिमीटरने लहान. गाडी मागून बारा मिलिमीटर खाली बसते, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, सामान लादून घाटातल्या खड्ड्यातून जाताना मधे जे रबर आणि हवा असायला हवी ती कमी. शिवाय त्याच्या बाजूवर लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, होता ६१, म्हणजे २५७ किलो. माझ्या जुन्या टायरवर आहे ६४, म्हणजे २८०. मी दोन्ही आकडे बोट ठेवून दाखवले. दुकानदार म्हणाला, इतकं कोण बघतं? मी बघतो! ज्याला दोन माणसं आणि सामान घेऊन सह्याद्री ओलांडायचा असतो तो बघतो.

१४० वाले तर आणखी वर. ‘रुंद घाला, गाडी भारी दिसता, ग्रिप वाढता.’ अरे, रिम तीच आहे ना? अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि माथा फुगून गोल होतो. सरळ जाताना रस्त्याला टेकणारा पट्टा वाढतोच असं नाही, आणि वळणात गाडी कलते तेव्हा तो टायर कंपनीने आखल्यासारखा बसत नाही. चेनच्या बाजूला किती जागा उरली ते बघायला बोट तरी घालून बघायचं. ते नाही. दिसतो कसा यावर टायर विकायचा.

दिसण्याचंच दुसरं खूळ म्हणजे लडाख. माझी गाडी दुकानासमोर लागली की माणसाच्या डोक्यात लडाख येतं. आतून मोठाल्या ठोकळ्यांचा टायर निघतो. माती, दगड, नदी, सगळीकडून जाता म्हणे. मला नदीतून नाही जायचं. मला ओल्या डांबरावरून जायचंय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. ठोकळ्यांमधे जितकी मोकळी जागा जास्त, तितकं डांबराला टेकणारं रबर कमी. कललेल्या गाडीत ते ठोकळे वाकतात, मागचं चाक चुळबुळतं, ब्रेक दाबला की पोटात गोळा येतो. चिखलात त्यांचा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही.

कारण चिखलही आहेच. उसगाव, साखळी, डिचोली या पट्ट्यात खनिजाचे ट्रक चालणारे रस्ते ज्याने पावसात पाहिलेत त्याला सांगायला नको. ट्रकच्या चाकांनी आणलेली तांबडी माती उन्हात भुकटी होऊन रस्त्यावर बसते. पहिली सर आली की तिचं पीठ मळल्यासारखं होतं. त्यात डिझेल, ऑइल. वरून रस्ता फक्त ओला दिसतो, पाय टेकला की चप्पल सरकते. जोराचा पाऊस अर्धा तास पडून हे सगळं धुऊन जाईपर्यंत तो रस्ता बर्फासारखा असतो. तिथे साफ गुळगुळीत रोडचा टायरही कामाचा नाही, खाचा लगेच भरतात. म्हणून मला मधला टायर हवा. डांबरावर भरपूर रबर टेकणारा, पाणी बाहेर फेकायला नीट लांब खाचा असलेला, लवकर कडक न पडणारा. याला खूप शोध लागत नाही. हिमालयनला सुरुवातीला पिरेलीचा एमटी ६० येत होता, नंतर सीएटचा ग्रिप एक्सएल आला, दोन्ही साधारण याच मधल्या जातीतले. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी उत्तर आधीच देऊन ठेवलंय. सातांपैकी एकाने तरी विचारावं ना, की तू चालवतोस कुठे, किती जण बसता, पावसात जातोस का? एकाने नाही विचारलं. साधा शर्ट घ्यायला गेलं तरी माणूस गळ्याचं माप विचारतो.

‘जुना अजून चलता’ हेही ऐकून घेतलं. बाजूच्या खाचा खोल आहेत म्हणून. टायर बाजूने बघायचा नसतो, मागून बसून बघायचा असतो. पत्रादेवीपासून वर रत्नागिरीपर्यंत हायवेने सरळ, भरल्या वजनाने हजारो किलोमीटर गेलं की मधला पट्टा झिजून सपाट होतो. माझा १४ हजारांत झाला. आता गाडी वळणात घालताना आधी नको म्हणते आणि मग एकदम पडते, कारण त्या सपाट पट्ट्याच्या कडेवरून तिला उतरावं लागतं. मधल्या खाचांत झीज दाखवणाऱ्या ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, त्या आता रबराच्या बरोबरीला आल्यात. हे दाखवलं तर उत्तर काय? ‘मग दोन्ही बदला.’ पुढचा अर्धाही झिजलेला नाही! इंजिनचा जोर मागे, माणसांचं वजन मागे, मागचा आधी संपणारच. मला एक हवाय, एकच द्या.

आता तारखेचं. म्हापशाच्या एका दुकानात अखेर माझ्या मापाचा निघाला. मला खरंच आनंद झाला. मालकाने तो फिरवून त्यावरचे रबराचे केस दाखवले, ‘पळय, कोरो आसा.’ बघ, कोरा आहे. केस असले म्हणजे टायर चालवलेला नाही एवढंच कळतं, कधी बनला ते नाही कळत. मी बोट ओलं करून बाजूची धूळ पुसली. ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ टायरवर छापलेली असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे होते, ३४२०. म्हणजे २०२० सालचा चौतिसावा आठवडा. इतकी वर्षं तो टायर दुकानाच्या दारात खिळ्याला टांगून होता, उन्हात, खाऱ्या हवेत. खाचेच्या तळाशी नख लावलं तर केसाएवढ्या भेगा दिसत होत्या. आणि पैसे? पूर्ण. मी म्हटलं, हा नको. तर माणूस माझ्यावरच उखडला, की टायर काय दूध आहे का नासायला. हो, नासतो! रबर कडक होतं. कोरड्यात कळत नाही, ओल्यात कळतं, आणि ओल्यात कळेपर्यंत उशीर झालेला असतो. २०२० चा टायर निदान २०२० चा म्हणून सांग, कमी पैशात दे, ज्याला बाजारापर्यंतच जायचंय तो घेईल. लपवतोस कशाला?

पैशांचंही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मी बिल मागितलं की एका दुकानात भाव वेगळा, बिलाशिवाय वेगळा, आणि बिलाशिवायचाही जुन्या करासकटच्या भावाला चिकटलेला. कर वाढला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी बदलली असती.

मी एवढा का चिडलोय, ते आता सांगतो. गेल्या खेपेला टायर घातला तेव्हा मी इतकं बघत नव्हतो. आपल्याच बाजूच्या एका दुकानात गाडी सोपवली, नवीन ट्यूबही घाल म्हटलं, ट्यूबचे वेगळे पैसे मोजले आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर टायर उलटा. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, एवढा मोठा, आंधळ्याच्या हाताला लागेल असा. तो मागे तोंड करून होता. पाणी बाहेर फेकण्यासाठी कापलेल्या खाचा पाणी आत ओढणार. मी काढायला लावला, पोराने तोंड वाकडं करत काढला, लिव्हर, म्हणजे टायर चढवायची लोखंडी पट्टी, खुपसत परत घातला. हवा भरली ती सगळ्या गाड्यांना भरतात तेवढी. मी घरी येऊन गेज लावून कमी केली.

पुढच्या जुलैत, संध्याकाळी सातच्या सुमाराला, चोर्ल्याच्या वळणात मागचं चाक एकदम शेपटी हलवल्यासारखं डावी-उजवीकडे झालं. खिळा नाही, दगड नाही. मी ब्रेकला हात लावला नाही, गॅस हळूहळू सोडला, गाडी कशीबशी कडेला आली. डाव्या हाताला दरी होती. बायको उतरली, एक शब्द बोलली नाही, माझ्या खांद्याला धरलेली तिची बोटं मात्र सुटत नव्हती. नंतर पाऊण तास ती पावसात मोबाइलची बॅटरी लावून उभी होती, मागून येणाऱ्याला आम्ही दिसावं म्हणून. बांबू घेऊन जाणाऱ्या एका पिकअपवाल्याने गाडी चढवून कणकुंबीला नेलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तिथल्या पंक्चरवाल्याने ट्यूब काढली, उजेडात धरली आणि मला हाक मारली. ‘अहो, इकडे या. ही नवीन कुठली?’ ट्यूबवर दोन जुने पॅच होते. एकाची कड सुटून वर आलेली. आणि वॉल्व्हच्या शेजारी लिव्हरची धार लागून झालेला बारीक चिरा, तोच फाटत गेला होता. मी नव्या ट्यूबचे पैसे दिले होते. माझीच जुनी ट्यूब आत कोंबली होती, तीही लिव्हरने कापून. स्पोकच्या चाकात ट्यूब फुटली की हवा एका क्षणात जाते, ट्यूबलेससारखी हळूहळू नाही, हे टायरचं दुकान चालवणाऱ्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी ती फाटकी ट्यूब घेऊन दुकानात गेलो. मालकाने ती हातातही घेतली नाही. ‘ट्यूब बरी आशिल्ली म्हणून तीच घाली,’ म्हणाला. पैसे परत दिले, जसे काही उपकारच करतोय. मला पैसे नको होते. त्याने एकदा तरी त्या पॅचकडे बघावं आणि त्या वळणावर माझ्या मागे कोण बसलं होतं ते मनात आणावं, एवढंच हवं होतं.

म्हणून मी आता सगळं बघतो. आकडे वाचतो, बाण बघतो, ट्यूबचं खोकं माझ्यासमोर फोडायला लावतो, जुनी ट्यूब परत मागून घेतो. लोक मला कटकट्या म्हणतात. म्हणू देत. म्हापशाच्या स्टँडवर एका पायलटशी, म्हणजे आपल्याकडच्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याशी, बोललो, पिवळ्या मडगार्डची गाडी, दिवसभर अनोळखी माणसं मागे बसवून फिरवतो. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि स्वतःच्या मागच्या टायरवरचे चार आकडे मला न बघता सांगितले. तीन आठवड्यांत माझं म्हणणं एका झटक्यात समजलेला तो पहिला माणूस.

ऑनलाइन मागवायचा पर्याय आहे. पण आकडे आधी सांगत नाहीत, जुना आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो, आणि इथली दुकानं बाहेरून आणलेला टायर घालून द्यायला तयार नाहीत. एकाने घालतो म्हटलं, पण काही झालं तर जबाबदारी नाही म्हणाला. त्यांच्याकडून घेतला तेव्हा तरी कोणी जबाबदारी घेतली होती?

काल रात्री मेव्हण्याने बेळगावहून फोटो पाठवला. १२०/९०-१७, लोड इंडेक्स ६४, आणि चार आकडे यंदाचे. त्याला मी दुकानात उभं राहून फोटो काढायला लावला, खाचेच्या तळाचाही. गाडी घरीच ठेवून उद्या सकाळच्या कदंबा बसने जातो. ट्यूबही तिथूनच आणायची, असं बायकोने दोनदा बजावलंय. घालणार मात्र घरच्या अंगणात, मी स्वतः, लिव्हरला साबणाचं पाणी लावून, कितीही वेळ लागो.