एवढी शिकलेली, आणि ओटीपी दिला?

आज वास्तुशांतीला गेलो होतो. पंगत बसली, मठ्ठा फिरला आणि आमच्या एका भाऊरायांना विषय सुचला. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, निवृत्त शिक्षिका. कुणीतरी फोन करून सांगितलं, क्रेडिट कार्डाचे पॉइंट आज रात्री संपतायत, आणि आजींनी विचारलं ते सगळं देऊन टाकलं. साठेक हजार गेले. भाऊ आजींचा आवाज काढून दाखवत होते, ‘हो सर, लिहून घ्या सर’. अख्खी पंगत हसली. वाढणारा पोरगा जिलबीचं ताट धरून तिथंच उभा राहिला, पुढचं ऐकायला. मग ते वाक्य आलंच. ‘एवढी शिकलेली, आणि ओटीपी दिला?’

माझ्या शेजारच्या पानावर आत्या होती. ती पानातलं मीठ बोटानं सारखं करत बसली.

आत्याचेही गेलेत. मागच्या श्रावणात, ८८,२७० रुपये. घरात हे फक्त मला माहीत होतं. आता तिला विचारूनच लिहितोय. म्हणाली, ‘नाव घालू नकोस. पंगतीत होते त्यांना कळेल, कळू दे.’

ही बाई जिल्हा परिषदेत लेखा विभागात ३१ वर्षं होती. अजूनही किराणा दुकानदाराच्या बेरजेतली चूक उभ्याउभ्या काढते. वेंधळी, भोळी, लोभी, यातलं काहीच नाही. तिला बक्षिसाचं आमिष दाखवलं असतं तर तिनं त्या माणसाला फोनवरच सोलला असता. त्यानं आमिष दाखवलंच नाही. तो म्हणाला, ‘काकू, तुमच्या कार्डावर संरक्षण योजना चालू झालीय, दरमहा २,४९९ कापले जातील. नको असेल तर आज बंद करून देतो.’ फुकटचा खर्च वाचवणारा माणूस! आत्याला तो पोरगा आवडलाच असणार. बोलणं स्वच्छ मराठीत, मागे ऑफिसातला गलका, आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे त्यानंच वाचून दाखवलेले.

आणि आता हे नीट वाचा. तो म्हणाला, ‘ओटीपी मला अजिबात सांगू नका काकू, तो कुणालाच सांगायचा नसतो. फोनच्या बटणांवर दाबा, थेट कॉम्प्युटरमध्ये जातो.’ म्हणजे आपण जो सल्ला वर्षभर पुढे ढकलत असतो, तोच त्यानं तिला दिला आणि तिचा विश्वास कमावला. तिनं तोंडानं ओटीपी कुणालाही सांगितला नाही. सहा आकडे दाबले. पहिले ४९,८७० गेले. मेसेज आला तर हा म्हणतो, ती योजना रद्द झाल्याची एन्ट्री आहे, अजून एक येईल, तोही आकडा दाबा. गेले ३८,४००.

हो, मान्य. ओटीपीच्या मेसेजात रक्कम असते, कशासाठी ते लिहिलेलं असतं, ते वाचायला हवं होतं. पण इंग्रजी मेसेज, चष्मा टीव्हीजवळ, आणि स्पीकरवर एक जण ‘काकू, वीस सेकंद राहिलीत’ म्हणतोय. तुम्ही वाचला असता? मी नसता.

मला राग त्या चोराचा येतो, पण त्याच्यापेक्षा जास्त बँकांचा येतो. ह्याच बँकांची माणसं कुठल्याकुठल्या मोबाइल नंबरांवरून फोन करणार, कर्ज घ्या, लिमिट वाढवा, ‘खात्री करायची आहे, जन्मतारीख सांगा’. अनोळखी माणसाला फोनवर जन्मतारीख सांगायची सवय लोकांना कुणी लावली? ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, आता बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. चांगलं केलं. पण त्या पंगतीत हे किती जणांना माहीत होतं ते विचारा. मला स्वतःला आत्याचं झाल्यावर कळलं. तेव्हा मीच बँकेत जाऊन बसलो होतो, तिकडच्या साहेबांनी एकच वाक्य तीनदा ऐकवलं, ‘ओटीपी ग्राहकाने टाकला आहे.’ तुमच्याकडून कार्डाचे आकडे बाहेर गेले कसे, यावर साहेब पंख्याकडे बघत बसले.

(दूध उतू गेलं. पुसून आलो. जरा शांत झालोय.)

खरं म्हणजे मला बँकेवर लिहायचंच नव्हतं. मला त्या ११ दिवसांवर लिहायचंय.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत आत्याला कळलं होतं काय झालंय. दहा मिनिटांत. त्या क्षणी कार्डाच्या पाठीवरच्या नंबरला फोन करून कार्ड बंद केलं असतं, १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावली असती, तर पैसे वाटेत कुठंतरी अडकवता येण्याची शक्यता होती. १९३० चा सगळ्यात जास्त उपयोग त्या पहिल्या तास-दोन तासांत. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, वॉलेटमधून खात्यात, खात्यातून चार खात्यांत असे पळवतो, आणि ते हललेले नसतील तिथंच रोखता येतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तुमची काही चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर शून्य बोजा. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दोन्हीकडे घड्याळच महत्त्वाचं.

आत्या ११ दिवस गप्प बसली. बिल आलं तेव्हा पर्समध्ये चौघडी करून माझ्याकडे आली. आदल्या रात्री तिनं म्हणे व्याजाचा हिशेबसुद्धा करून ठेवला होता, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास म्हणजे किती, ते बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीनं. मुदत ठेव मोडायचं ठरवूनच आली होती. मोडलीच शेवटी.

आणि तेव्हा मी काय म्हणालो? ‘अगं आत्या, तू? तू ओटीपी दिलास?’ आणि हसलो. वाईट हेतूनं नाही, पण हसलो. आज पंगतीत ते वाक्य ऐकलं तेव्हा माझाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

मी विचारलं होतं, लगेच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, ‘पैसे गेले ते गेले. तुम्ही सगळे मला म्हातारी ठरवाल, मग पासबुकसुद्धा हातात देणार नाही.’ काय उत्तर देणार? दिलंच नसतं आपण. आपल्या घरांत असंच होतं ना? एकदा चूक झाली की दुसऱ्या दिवशी मुलगा पिन बदलून टाकतो.

सायबर फसवणुकीपासून सावध करणाऱ्या त्या अमिताभच्या आवाजातल्या कॉलर ट्यूनला आपण किती शिव्या घातल्या. मीही घातल्या. अॅम्ब्युलन्स बोलवायच्या वेळी ती वाजली की संताप यायचाच. पण १९३० हा आकडा आज कुणाच्या डोक्यात असेल तर तो त्याच कटकटीमुळे.

आत्याचं कार्ड अजून आहे. तिनंच ठेवलं, मी बंद कर म्हणत होतो. अॅपमध्ये बसून तिनं परदेशी व्यवहार बंद केले, कारण परदेशी साइटवर पुष्कळदा ओटीपी लागतच नाही. ऑनलाइन खरेदीची मर्यादा दोन हजारांवर आणली. ही बटणं ग्राहकाच्या हाती देणं ऑक्टोबर २०२० पासून बँकांना बंधनकारक आहे. तिच्या कार्डावर पूर्ण दीड लाख उघडे होते, आणि ते कुणी उघडले, हे तिला आठवत नाही. औषधं मागवायची असली की मर्यादा वाढवते, झालं की परत खाली. फोन आला की ‘कामात आहे’ म्हणून ठेवते आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर स्वतः लावते. गुगलवर शोधून नाही, तिथं खोटे नंबरही वर दिसतात. आणि ठेवल्याठेवल्या मला फोन. मागच्या महिन्यात तीनदा आला, त्यातला एक खरोखर बँकेचाच निघाला. निघू दे.

पंगतीत मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. आत्यासमोर विषय वाढायला नको, असं मनाला सांगितलं, पण खरं तर जेवणाचा रसभंग कोण करणार, एवढंच होतं.

येताना गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. टोलनाका गेल्यावर म्हणाली, ‘त्या शिक्षिकाबाईंचा नंबर मिळेल का रे? बिलावर व्याज चढत असेल. आणि घरी कुणाशी बोलत नसतील त्या.’

भाऊला मेसेज टाकलाय. नंबर कशाला हवा, असं तो विचारतोय. अजून उत्तर दिलेलं नाही.