ओटीपी कुणालाही सांगू नका

परवा केमिस्ट्रीच्या तासाला मागच्या बाकावरनं आवाज आला, "ए ओटीपी, जादा पेन आहे का?" आणि मी वळून पेन दिला. म्हणजे नाव पडलं. आता तीन वर्षं, आणि नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणं ऑनर्सला थांबलो तर चार वर्षं, ह्याच नावानं हाक मारणार सगळी. माझं खरं नाव त्या ॲडमिशनच्या कागदांवर मराठीत लिहून झालंय, इंग्रजीत झालंय, कॅपिटलमध्ये झालंय, एकदा आडनाव आधी, एकदा आडनाव शेवटी, आईचं नाव वेगळ्या चौकटीत, आणि ते वर्गात एकालाही माहीत नाही.

मागचं फार काही नाही. बारावी झाली, मार्क बरे पडले, सांगलीतल्या एका कॉलेजात बीएस्सीला नंबर लागला. कॉलेजचं नाव सांगत नाही, प्रॅक्टिकलचे मार्क अजून त्यांच्या हातात आहेत.

तर ॲडमिशन ऑनलाइन असते म्हणजे काय असतं ते यंदा जाणाऱ्यांना सांगून ठेवतो. आधी घरात बसून सगळे कागद स्कॅन करून अपलोड करायचे, फोटो इतक्या केबीत, सही तितक्या केबीत, सही जास्त केबीची झाली तर पोर्टल घेत नाही म्हणून ती बारीक करत करत शेवटी सहीच्या जागी नुसता एक डाग उरतो आणि तो पोर्टलला पसंत पडतो. मग त्या भरलेल्या फॉर्मची प्रिंट काढायची. मग जे जे अपलोड केलं त्याच्याच झेरॉक्स त्या प्रिंटला जोडून खिडकीत द्यायच्या, आणि खिडकीतल्या मॅडम त्या झेरॉक्स बघून तेच सगळं परत कॉम्प्युटरवर टाईप करतात. मार्कलिस्ट कोल्हापूर विभागीय बोर्डाची. विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ, ते पण कोल्हापूरचंच, १९६२ पासनं सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्हे त्यांच्याकडं. म्हणजे बोर्ड कोल्हापुरात, विद्यापीठ कोल्हापुरात, आणि ह्या गावातनं त्याच गावात निरोप पोचवायला मी विट्यावरनं पहाटेची एसटी पकडून सांगलीला.

झेरॉक्सवर सही कुणाची हा आणखी वेगळा विषय. राज्य सरकारनं २०१५ लाच सांगितलंय की विद्यार्थ्यानं स्वतः सही केलेली प्रत चालते, स्वयंसाक्षांकन म्हणतात त्याला. हे मी खिडकीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सरकारचं सरकारजवळ, इथं ज्युनियर कॉलेजच्या प्राचार्यांचा शिक्का लागतो." बरं, असं कुठं लिहिलंय विचारलं तर भिंतीकडं बोट. भिंतीवर मागच्या वर्षीची नोटीस होती, ती पण अर्धी, खालचा भाग पावसानं ओल येऊन गळून पडलेला. आणि हो, टीसीची ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं, परत मिळत नाही, तेवढ्या आधी चांगल्या चार-पाच रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. सीबीएसईवाल्यांना वर मायग्रेशन पण लागतं, त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नव्हती, आता आहे.

अँटी रॅगिंगचं हमीपत्र पण द्यावं लागतं, यूजीसीचा २००९ चा नियम आहे, मुलाचं वेगळं, पालकांचं वेगळं. मुलांनी त्रास दिला तर कुठं तक्रार करायची ते त्यात सगळं नीट आहे. खिडकीनं दिला तर काय, ते काय सापडलं नाही.

आता मूळ प्रकार. लाईन पुढं सरकली, माझा नंबर आला, मॅडमनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "एबीसी आयडी कुठाय?" एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. आपण परीक्षा देऊन जे क्रेडिट मिळवणार ते तिथं जमा होणार, मधेच शिक्षण सुटलं तर वाया जाणार नाहीत, परत येऊन पुढं शिकता येतंय. कल्पना चांगलीच आहे, मला त्याबद्दल काय म्हणायचं नाही. पण त्याचा बारा आकडी नंबर डिजिलॉकरवरनं काढायचा, डिजिलॉकरला आधार लागतं, आणि आधारला जोडलेला मोबाईल आमच्या आप्पांचा, कारण माझं आधार निघालं तेव्हा मी शाळेत होतो आणि मोबाईल घरात तेवढाच एक होता. शेजारी हेल्प डेस्क म्हणून एक टेबल होतं, त्यावर एक सिनियर पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेला, त्यानं आधार नंबर टाकला आणि म्हणाला, "ओटीपी सांग." माझा फोन तर पोर्टल उघडण्यातच बंद पडलेला.

तेव्हा काका पुढं आले.

हे काका मिरजेचे, रेल्वेतनं रिटायर झालेले, पुतणीच्या ॲडमिशनला आलेले. पुतणी कुठंतरी सावलीत मैत्रिणीबरोबर होती, लाईनीत काकाच. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्टेपलर, गोंदाची बाटली, शाईचं पॅड, टॅगचा जुडगा आणि पंचिंग मशीन. सकाळपासनं लाईनीतल्या निम्म्या पोरांचे फॉर्म त्यांनीच पंच केलेले आणि प्रत्येक भोक पाडताना "सेंटर धर, सेंटर" म्हणत होते. एका पोरानं आडवा फोटो चिकटवलेला तो त्यांनी नखानं खरवडून काढून परत उभा लावला. कुणी सांगितलं नव्हतं. तर त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लाव वडिलांना, स्पीकरवर लाव, माझ्या फोनचा आवाज कमी येतो."

आता आमचे आप्पा विट्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहेत. मध्यंतरी तिथं पोलीस येऊन सायबर फसवणुकीवर बोलून गेले, तेव्हापासनं आप्पा हे आप्पा राहिलेच नाहीत. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असा कागद त्यांनी स्वतः प्रिंट काढून काउंटरवर लावला, पाण्याच्या कूलरवर लावला, आणि उरलेला एक घरी आणून फ्रिजवर लावला.

"हॅलो आप्पा, मी बोलतोय."

"मी कोण?"

"मी ओ, सोन्या."

लाईनीत कुणीतरी हसलं.

"सोन्याचा नंबर माझ्याकडं सेव्ह आहे. कुठनं बोलताय तुम्ही?"

आप्पांनी मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं ते असं.

"आप्पा, कॉलेजमधनं. माझा फोन बंद पडलाय. तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडी ओटीपी आला असंल, तेवढा सांगा."

"आवाज पण काढतात हल्ली हुबेहूब," आप्पा तिकडं कुणालातरी म्हणाले. बहुतेक पतसंस्थेतला सगळा स्टाफ गोळा झालेला.

काकांनी माझ्या हातातनं फोन घेतला. "द्या इकडं, तुम्हा पोरांना बोलता येत नाही." आणि एकदम साहेबी आवाजात सुरू झाले, "नमस्कार साहेब. अजिबात घाबरू नका. तुमचा मुलगा आमच्याजवळ सुखरूप आहे."

मी डोक्याला हात लावला.

"फक्त तो नंबर सांगा, दोन मिनिटांत सोडतो त्याला."

"किती पैसे पायजेत ते सरळ बोला," आप्पा म्हणाले.

"अहो पैसे कसले, नुसता नंबर. उशीर केला तर पोराचं नुकसान होईल बघा, मग म्हणू नका सांगितलं नाही."

"मी फोन ठेवत नाही. दुसऱ्या फोनवरनं सायबरवाल्यांच्या १९३० ला लावायला सांगितलंय."

हेल्प डेस्कवरचा पोरगा ओरडला, "लवकर करा, टाइम संपायलाय." ते पण तिकडं ऐकू गेलं. मी म्हटलं व्हिडिओ कॉल करूया, तर आप्पा म्हणाले, तोंड पण बनवतात एआयनं, आमच्या ट्रेनिंगमध्ये दाखवलंय. मग म्हणाले, "खरा सोन्या असंल तर एकच सांगू दे. कवठेमहांकाळच्या आत्याच्या थोरल्या जावेचं माहेर कुठलं?"

मला सांगा, अठरा वर्षांच्या कुठल्या पोराला आत्याच्या जावेचं माहेर माहीत असतंय? मी गप्प. लाईन गप्प. आप्पा म्हणाले, "बघा. सापडला का नाही."

तेवढ्यात काकांचा चेहराच बदलला. "कवठेमहांकाळ? कवठेमहांकाळात कुठं तुमची बहीण?"

"गिरणीच्या मागं."

"गिरणीच्या मागं म्हणजे ते ढालगावकडचे पाहुणे?"

"व्हय. तुम्हाला कसं माहीत?"

"अहो ढालगाव स्टेशनला मी नोकरी केलीय की, छोटी गाडी होती तेव्हा."

झालं. मिरज-पंढरपूरची ती नॅरो गेजची गाडी बंद होऊन मोठी लाईन पडली त्याला जमाना झाला, पण ती गाडी त्या दिवशी ॲडमिशनच्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. आप्पांनी सांगितलं की आमच्या दाजींनी आत्याला पहिल्यांदा बघितलं ते त्याच गाडीच्या डब्यात, पंढरपूरला जाताना. काका म्हणाले, म्हणजे मी झेंडी दाखवलेली असणार त्या गाडीला. मग द्राक्षाचा दर. मग बेदाण्याचा दर. मग आप्पांनी विचारलं, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती झालं, आणि लाईनीतली चार माणसं एकदम म्हणाली, अजून चाळीसच्या आत आहे. सांगलीत जुलैत हे कुणालाही विचारा, चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे इथल्या पोरांना पाढ्याच्या आधी येतंय. ह्या सगळ्यात ओटीपी मेला, दुसरा मागवला, तो पण मेला, हेल्प डेस्कवरचा पोरगा वडापाव खायला निघून गेला आणि परत पण आला.

शेवटी आप्पा म्हणाले, "हां, घ्या लिहून."

आणि ओटीपी सांगितला. काकांना. ज्यांना ते आयुष्यात कधी भेटले नव्हते, ज्यांचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नाही. काकांनी तो मोठ्यानं दोनदा वाचला, लाईनीतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला असंल. वर आप्पा म्हणाले, "तेवढं त्या पोराकडं जरा लक्ष ठेवा. कोण आहे काय म्हाईत."

खिडकीतल्या मॅडम हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी माझी फाईल बाजूला सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्याच्या वडिलांचाच ह्याच्यावर विश्वास नाही. कार्डाची प्रिंट आण, मग बघू. चला, पुढचा."

त्या पुढच्या सगळ्या पोरापोरी आता माझ्याच डिव्हिजनला आहेत.

माझं एक वेळ जाऊ दे, माझं हसं झालं आणि काम झालं. माझ्या पुढं जतवरनं आलेली एक मुलगी होती, आईबरोबर. तिचं नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असल्याचा दाखला, ३१ मार्चला संपलेलं. घरात आठ लाख सोडा, एक लाख कुणी एकत्र बघितले असतील असं वाटत नव्हतं, पण कागद संपला म्हणजे ती त्या दिवशी श्रीमंत. तिला म्हणाले, तहसीलमधनं नवीन आणा, नाहीतर ओपनची फी भरा. नवीनसाठी अर्ज केल्याची पावती तिच्याकडं होती, ती दाखवत होती ती, कुणी हातात पण घेतली नाही. काकांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला तर त्यांना "तुम्ही कोण?" झालं. जत काय इथल्या विश्रामबागेच्या पलीकडं आहे व्हय, दुपारनं जाऊन संध्याकाळी कागद घेऊन यायला? ती वर्गात अजून दिसली नाही.

घरी गेल्यावर आप्पांनी विषयच काढला नाही. जेवताना मीच काढला. तर म्हणतात, तुझा आवाज फोनवर वेगळा येतो. मी तणतणत आत्याला फोन लावला, म्हटलं तुझ्या थोरल्या जावेचं माहेर तरी कुठलं ते सांग एकदा. आत्या म्हणाली, "मला कुठली थोरली जाऊ? मीच थोरली." आप्पा ताटात बघत म्हणाले, "खऱ्या सोन्यानं लगेच ओळखलं असतं."

आता तास सुरू झालेत. म्हणजे घंटा होते. मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस असे नवीन धोरणातले विषयांचे सगळे प्रकार टाईमटेबलवर आहेत आणि कुठला तास कुठल्या खोलीत हे सरांनाही दारातनं डोकावून विचारावं लागतंय. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यायचं असतं, त्याची यादी लागली तेव्हा मी एबीसीच्या कार्डाची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो, परत येईपर्यंत बाकीच्या जागा भरलेल्या, त्यामुळं मी आता फिजिक्सबरोबर जमाखर्च शिकतोय. आप्पा खूश आहेत.

काल लायब्ररीत पुस्तक मागितलं तर कार्ड आणा म्हणाले, कार्डाला पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर पायजे, पीआरएन विद्यापीठाकडनं एलिजिबिलिटी म्हणजे पात्रतेची तपासणी झाल्यावर येणार, आणि एलिजिबिलिटी कधी होणार विचारलं तर त्याच खिडकीतनं त्याच मॅडम म्हणाल्या, "परीक्षेच्या आधी होतंय बघ." एलिजिबिलिटीची फी मात्र पहिल्याच दिवशी कापून घेतलीय, पावतीवर सगळ्यात वरची ओळ तीच आहे.