चीनकडून शिकायचंय ना? मग यिवूपासून सुरुवात करा

आज सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांब आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर एक मावशी हातगाडी लावतात. क्लिपा, रबरबँड, टिकल्यांची पाकिटं, सेफ्टी पिनांचे पत्ते. माल माझ्याच होलसेल दुकानातून उचलतात आणि उधारी वेळच्या वेळी चुकती करतात. माझ्या मोठमोठ्या गिऱ्हाइकांना जे जमत नाही ते त्यांना जमतं. आज अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि मावशींची हातगाडी मालासकट उचलून नेली. खाली सांडलेले पत्ते त्या रस्त्यावर बसून गोळा करत होत्या, आणि समोर उभ्या असलेल्या चांगल्या घरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अहो, टाळ्या!

त्यातल्याच एका गृहस्थांनी दुपारी आमच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. चीनमधल्या काचेच्या इमारती, सुसाट ट्रेन, आणि खाली ओळ: 'चीन कुठे गेला आणि आपण कुठे राहिलो!'

चीन कुठे गेला ते मी सांगते. वर्षानुवर्षं तिथे माल घ्यायला जातेय.

यिवू नावाचं गाव आहे. झेजियांग प्रांतात, शांघायपासून साधारण ३०० किलोमीटरवर. कागदोपत्री ते जिन्हुआ शहराच्या हाताखाली येतं, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं ठिकाण. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या वर, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरून पोटासाठी आलेले. समुद्र नाही. तीन बाजूंना डोंगर आणि मधे चिंचोळं खोरं. जमीन लाल, आम्लट, पिकायला कंजूष. कोळसा नाही, तेल नाही. भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत संपावं असं हे गाव. आज तिथल्या फुतियन मार्केटमध्ये ७५ हजारांच्या आसपास गाळे आहेत. एकेका गाळ्यावर तीन मिनिटं थांबून रोज आठ तास फिरलात तरी सव्वा वर्षाच्या वर लागेल. तुमच्या मुलीच्या केसातली क्लिप, पाहुणे यायच्या दिवशी लावलेली प्लॅस्टिकची फुलं, दिवाळीची लायटिंग, पेनाचं टोपण, चाव्यांची रिंग, यातलं काही ना काही तिथूनच निंगबोच्या बंदरातून न्हावा शेवाला उतरलेलं असतं. ख्रिसमसच्या सजावटीचं तर जगभराचं दुकान हेच.

हे झालं कसं?

मी ज्यांच्याकडून क्लिपा घेते त्या बाईंचा गाळा जेमतेम दोन हात रुंद. छतापर्यंत काचेच्या फळ्या, प्रत्येक फळीवर नमुन्यांचे पत्ते, मागे आकडे. भाव कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवायचा, आपण खोडून आपला टाइप करायचा. एकदा गेले तर कार्टनवर बाईंचे सासरे बसलेले. हातात चहाच्या पानांनी अर्धी भरलेली काचेची बाटली. दुभाषी मुलगी सोबत होती म्हणून मी सहज विचारलं, आजोबा, तुम्ही आधी काय करायचात? ते हसले. टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि नमुन्यांच्या खोक्यावर टकटक टकटक वाजवायला लागले. मला कळेना. दुभाषी म्हणाली, ते साखर फोडून दाखवताहेत.

यिवूच्या शेतकऱ्यांचा हा कित्येक पिढ्यांचा धंदा. उसाच्या तांबड्या साखरेची वडी करायची, कावडीच्या दोन टोपल्यांत घालायची, हातात छोटा डमरूसारखा खुळखुळा घ्यायचा आणि हिवाळ्यात शेताला काम नसलं की गावोगाव पायी हिंडायचं. घरातून पोरं, बायका कोंबडीची पिसं घेऊन यायच्या, बदल्यात हा छिन्नीने वडीचा तुकडा पाडून द्यायचा. नववर्षाच्या सुमारास घरोघरी कोंबड्या कापल्या जायच्या, तेव्हा तेजी. कोंबड्याची लांब चांगली पिसं झाडू-फडक्यांसाठी विकायची, उरलेली भाताच्या रोपांच्या मुळाशी खत म्हणून घालायची, कारण त्या लाल मातीला खताशिवाय दाणा धरवत नाही. जुन्या साडीवर स्टीलचं पातेलं देणारी आपली बोहारीण डोळ्यासमोर आणा, तोच प्रकार. पुढे टोपलीत साखरेबरोबर सुया, दोरे, बटणं, आरसे आले, आणि शेतकऱ्याचा फेरीवाला झाला.

आजोबा यिवूतल्याच न्यानसान्लीचे. पिसांच्या व्यापाराची पंढरीच ती. लहानपणी वडिलांच्या मागून शेजारच्या जियांग्शी प्रांतापर्यंत चालत जायचे. पोरगं तुकडा घेऊन रडायला लागलं की आणखी एक चिमटीएवढी कपची पाडून द्यायची, असं सांगून परत पट्टी वाजवली: टक.

आणि आता ऐका, कारण माझा राग इथे आहे. माओच्या काळात हा धंदा गुन्हा ठरला. 'भांडवलशाहीची शेपटी' म्हणायचे, ती छाटायची. आजोबांना एका स्टेशनवर धरलं, टोपल्या जप्त केल्या, साखरही गेली आणि पिसंही. हे सांगताना हसणारे आजोबा एकदम गप्प झाले होते. सूनबाई पलीकडे गिऱ्हाइकाला आकडे दाखवत होत्या, त्यांचंही बोट कॅल्क्युलेटरवर थांबलं. माणसाची टोपली उचलून नेण्यात काय असतं ते नेणाऱ्याला कधीच कळत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना तर नाहीच नाही.

मग १९८२ आलं. एप्रिलमध्ये शिए गाओहुआ नावाचे कम्युनिस्ट पक्षाचे नवे सचिव यिवू काउंटीत, म्हणजे तालुक्यात, आले. आपल्याकडे कलेक्टर म्हणू तशी ताकद त्या खुर्चीला. मे महिन्यात फंग आयछियन नावाची एक फेरीवाली थेट त्यांच्या कचेरीपाशी जाऊन त्यांना आडवी गेली. पदरात पाच मुलं, कर्ज काढून घेतलेला माल, आणि रोज सरकारी माणसं हुसकावतात. ती भांडली. साधंसुधं नाही, कडाकडा भांडली, की आम्ही पोट भरायचं तरी कसं? अधिकाऱ्याने तिला बाहेर काढलं नाही, आत नेऊन ऐकून घेतलं. नंतर गावांमध्ये चौकशी करवली. आणि ५ सप्टेंबर १९८२ ला हुछिंगमन भागात उघड्यावर सिमेंटच्या फळ्या टाकून साधारण ७०० जागांचा बाजार सरकारी परवानगीने सुरू झाला.

लक्षात घ्या, वरून तसा स्पष्ट हुकूम तेव्हा नव्हता. खुर्ची जाऊ शकली असती. त्यांनी चार परवानग्या दिल्या: शेतकऱ्याला व्यापार करू द्या, माल लांब नेऊन विकू द्या, गाव-शहर बाजार खुले करा, सरकारी दुकानांशी स्पर्धा होऊ द्या. पुढे करही ठरावीक रकमेचा केला, कारण सुया-बटणं विकणाऱ्याने रोजची वही कुठे ठेवायची? १९८४ च्या शेवटी त्यांची बदली झाली. दोन-अडीच वर्षं फक्त. २०१८ मध्ये देशाने त्यांना सुधारणांचे अग्रणी म्हणून गौरवलं, २०१९ मध्ये ते गेले, तेव्हा यिवूचे व्यापारी निरोपाला लोटले होते.

आता पैलवान कमेंट करायला येतीलच, म्हणून सांगून टाकते. हो, तिथे नकली माल खूप बनतो. हो, लोकशाही नाही. हो, २०११-१२ च्या हिवाळ्यात थकबाकीपायी मुंबईच्या दोघा व्यापाऱ्यांना तिथल्या विक्रेत्यांनी डांबलं होतं आणि आपल्या दूतावासाने यिवूत धंदा करू नका असं सांगितलं होतं. खरं आहे, वाईट आहे. पुढे चला.

'स्वस्त मजुरी, बाकी काय' म्हणणाऱ्यांनी जरा नकाशा बघावा. स्वस्त मजुरी तेव्हा सगळ्या चीनमध्ये होती. यिवूत खपणारा सगळा माल यिवूत बनतही नाही. मोजे शेजारच्या दातांगचे, लोखंडी सामान योंगकांगचं, काचेचे खडे पुजियांगचे. यिवूकडे होतं ते विकण्याचं अंग. पिसांच्या फेऱ्या मारून कुठल्या गावात काय लागतं हे ज्यांना पाठ होतं, त्यांना बसायला जागा मिळाली. आधी बाजार, मागून कारखाने. आपण उलटं करतो. आधी औद्योगिक वसाहत, फीत कापणं, मग शेडमध्ये कुत्री झोपतात. माझ्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याला यिवू परवडतं ते यामुळेच. एकाच कंटेनरमध्ये चाळीस गाळ्यांचा माल भरता येतो, पाच कार्टन क्लिपा, दोन कार्टन आरसे. एजंट सगळ्यांचे खोके गोदामात गोळा करतो, मार्का टाकतो, सीबीएम म्हणजे घनमीटर मोजतो, कमिशन घेतो. लहान माणसाच्या हिशेबाने उभी राहिलेली व्यवस्था आहे ती, कारण ती लहान माणसांनीच उभी केली.

या गावाच्या अंगात हे आधीपासूनच आहे असं मला वाटतं. १५५९ मध्ये मिंग सेनापती छी जिगुआंग समुद्री चाच्यांशी लढायला माणसं शोधत होता, तेव्हा त्याने यिवूचे शेतकरी आणि खाणकामगार भरती केले, कारण त्यांना खाणीवरून भांडताना बघून त्याला त्यांचा चिवटपणा पटला होता. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचं १९२० मध्ये चिनीत पूर्ण भाषांतर करणारे चेन वांगदाओही इथलेच, फेनशुइतांग गावचे. एकाच तालुक्यातून जाहीरनामाही निघाला आणि जगातला सगळ्यात मोठा छोट्या वस्तूंचा घाऊक बाजारही. माती कंजूष असली की माणसं धडपडी होतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय.

आजोबांची नात आता त्याच गाळ्यात मोबाइल स्टँडवर लावून लाइव्ह विक्री करते. डोक्याला एकामागून एक क्लिपा लावते, काढते, बोलता बोलता श्वास घेत नाही. सूनबाईंना काळजी आहे. ऑनलाइनवाले भाव पाडतात, भाडी चढताहेत, पोरगी उद्या इथे बसेल की नाही माहीत नाही. मला ती काळजी अगदी ओळखीची वाटली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी आम्ही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. त्यांनी डब्यातली सुकवलेल्या मोहरीच्या पाल्याची भाजी पुढे केली. मी घरून नेलेली चकली दिली. आजोबांनी चकली मोडून, वाकून बघितली आणि विचारलं, ही फेरीवर विकली तर किती दिवस टिकेल? वय झालंय, पाय चालत नाहीत, पण डोकं अजून कावडीवरच.

बाहेरच्या रस्त्यांवर येमेनी, इराकी, आफ्रिकन, आपले सिंधी-गुजराती, सगळे दिसतात. शुक्रवारी मशिदीबाहेर मुंगी शिरायला जागा नसते. १८ नोव्हेंबर २०१४ ला इथून निघालेली मालगाडी कझाकस्तान, रशिया, पोलंड, फ्रान्स असं करत १३ हजार किलोमीटर जाऊन माद्रिदला पोचली. आणि सान्थिंग रोडवर रात्री फेरीवाल्यांचा बाजार आजही भरतो. इतकं सगळं बांधून झाल्यावरही भरतो!

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की हे काचेचे टॉवर ज्या पैशावर उभे आहेत तो फळीवर बसणाऱ्या बायकांनी मिळवलाय. लगेच उत्तर आलं, 'ताई, भावना ठीक आहेत, पण लोकांनी चालायचं कुठून?' चालायला जागा हवी, हे मलाही कळतं. मीही चालतेच की. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यातही आधी सर्वेक्षण करा, जागा ठरवा, मग हलवा असंच लिहिलंय.

यिवूनेही बाजार हलवलाच. हुछिंगमनच्या फळ्या दोन वर्षांत अपुऱ्या पडल्या, म्हणून १९८४ च्या अखेरीला शिनमा रोडवर छपराखालचा बाजार बांधला. तो भरला म्हणून १९८६ मध्ये चेंगझोंग रोड. १९९२ मध्ये हुआंगयुआन. २००२ मध्ये फुतियनचा पहिला टप्पा. दर वेळी आधीपेक्षा मोठी जागा तयार झाली आणि मग माणसं हलली. आजोबा या सगळ्या बाजारांत बसलेत. ओरडा झाला का, भांडणं झाली का, असं मी विचारलं. म्हणाले, झाली की, कुणाला कोपऱ्याचा गाळा हवा, कुणाला जिन्याजवळचा नको. त्यांना स्वतःला हुआंगयुआनमध्ये शौचालयाशेजारचा मिळाला होता, त्यावरून ते महिनाभर तक्रार करत होते. शेवटी गाळा बदलून घेतला.