मतांची अदलाबदल बंद करा

"तू माझ्या उत्तराला मत दे, मी तुझ्या देतो." प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटवर गुण वाढवायचा हा धंदा बघून डोकं फिरतं. अरे, तिथे रोज एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, चालते! एकाच माणसाला धडाधड दिलेली मतं ती पकडते आणि काढून टाकते. गुण आले तसे जातात. खोटी खाती उघडून स्वतःलाच मतं दिली आणि त्यापायी खातं निलंबित झालं, तर तेवढे दिवस नावापुढे फक्त १ गुण दिसतो.

सरळ वाट एवढी अवघड आहे का? उत्तराला पसंतीचं मत पडलं की १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं की १५. मतांमधून दिवसाला २०० च्या वर मिळतच नाहीत, मग घाई कसली? नुसती लिंक चिकटवू नका, उद्या ती बंद पडली की उत्तरही गेलं. कुठल्या ओळीत चुकलंय, का चुकलंय ते लिहा आणि स्वतः चालवून बघितलेला कोड द्या. कुणी चूक दाखवली तर भांडू नका, उत्तर दुरुस्त करा. कारण दिलेलं मत ५ मिनिटांनंतर गोठतं, बदलता येत नाही. उत्तरात बदल झाला तरच नापसंतीचं मत मागे घेता येतं.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांनो, उत्तर लागू पडलं तर ते स्वीकारल्याची हिरवी खूण करा हो! एक क्लिक लागतं, आणि तुम्हालाही २ गुण मिळतात.