प्रतिक्रियेला उत्तर : गिझर लिटर बघून घ्यायचा की किलोवॉट?

नमस्कार साहेब,

‘घराला किती लिटरचा गिझर लागतो’ या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंय, “क्षमता लिटरवर नाही, किलोवॉटवर ठरते. एवढं साधं विज्ञान ज्याला कळत नाही त्याने लोकांना सल्ले देणं बंद करावं. मी लंडनला कॉम्बी बॉयलर वापरलाय, तिथे लिटर कुणी विचारत नाही.” पुढे, मी गॅस गिझरबद्दल आणि क्षारांबद्दल लिहिलं नाही ही तक्रार आहे. आणि आपल्या मुलुंडच्या घरी ३ लिटरचा, ४.५ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर उत्तम चालतो, हेही आहे.

मतभेद असायला माझी हरकत नाही. पण ‘सल्ले देणं बंद करावं’ ही कुठली बोलायची रीत? माझे वडील गिरणीत वायरमन होते. त्यांच्या हाताखाली टेस्टर धरायला शिकलो, मग लालबाग-परळच्या चाळींत आणि नंतर त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये विजेची कामं केली. जळालेली एलिमेंट बदलण्यात आणि वितळलेले सॉकेट काढण्यात माझी हयात गेली आहे. मी हवेत लिहीत नाही. आपण समोर बसून हेच म्हणाला असतात, तर मी चहा पुढे करून समजावलं असतं. असं चारचौघांत लिहिल्यावर उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतं.

आता ते किलोवॉट, म्हणजे पाणी किती झपाट्याने तापतं त्याचं माप. कॉम्बी बॉयलरला किलोवॉट का विचारतात? कारण त्याला गरम पाण्याची टाकीच नसते. नळ सोडला की गॅस पेटतो आणि वाहतं पाणी तिथल्या तिथे तापतं. २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला साधारण ९.८ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो. लंडनच्या हिवाळ्यात नळाचं पाणी ७ अंशांवर आलं, तरी ते ४२ वर जातं आणि शॉवर व्यवस्थित चालतो. दोन बाथरूम एकाच वेळी चालवायची असतील तर आणखी मोठा बॉयलर लागतो. तिथे हा हिशोब बरोबरच आहे, त्याला मी कुठे नाही म्हटलं?

पण तो हिशोब आमच्या परळच्या वन बीएचकेत आणून दाखवा. विजेवर २४ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला १०४ अँपिअर. वीज कंपनीने वन बीएचकेला मंजूर केलेला सगळा भारसुद्धा त्याच्या जवळपास जात नाही. म्हणून इथे २ किलोवॉटचं एलिमेंट आणि त्यावर टाकी असते. २ किलोवॉट एका मिनिटात जेमतेम १ लिटर पाणी २८ अंशांनी तापवू शकतात. एवढ्यावर शॉवर चालत नाही. पाणी आधी तापवून साठवावंच लागतं, आणि किती साठवलं ते लिटरमध्येच मोजतात. आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता. घरात आंघोळीची माणसं किती, यावरून तो केवढा घ्यायचा ते ठरलं होतं.

लेखातला हिशोब पुन्हा मांडतो, कारण आपण तो वाचलेला दिसत नाही. मुंबईत थंडीतही नळाचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. गिझरमध्ये ६० अंशांचं पाणी आहे आणि आंघोळीला ४० अंशांचं हवंय, तर २० लिटरच्या बादलीत गिझरचं पाणी साडेआठ लिटर लागतं. १५ लिटरच्या गिझरमधून पहिली बादली भरली की आत शिरलेलं तेवढंच गार पाणी तापायला साधारण दहा मिनिटं. पहिला माणूस अंग पुसून बाहेर येईपर्यंत गिझर पुन्हा तयार. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला १५ लिटर पुरतात, ते यामुळे. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल आणि माणूस आठ मिनिटं उभा राहत असेल, तर गिझरचं सत्तावीस लिटर पाणी जातं. तिथे १५ लिटरचा गिझर मध्येच गार पडणार. शॉवरवाल्यांना २५ लिटरच्या खाली जाऊ नका असं मी लिहिलंय ते याच आकड्यांवरून; वरचं दोनेक लिटर शॉवर चालू असतानाच तापतं. तुमच्या ‘साध्या विज्ञाना’बाहेरचं यात काय आहे, ते दाखवून द्या.

पुन्हा तापायला लागणारी मिनिटं किलोवॉटवर ठरतात, हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं, एवढं मान्य करतो. ते वाक्य घालीन.

बाकीचं थोडक्यात. गॅस गिझर हा त्या लेखाचा विषयच नव्हता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने बंद बाथरूममध्ये माणसं दगावतात, तेव्हा जाता जाता दोन ओळींत शिफारस करण्यासारखी ती वस्तू नाही. क्षारांचं म्हणाल, तर पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं, मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. बोअरवेलचा टँकर घेणाऱ्या सोसायट्यांचा प्रश्न वेगळा.

राहिला आपला मुलुंडचा गिझर. ४.५ किलोवॉट म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. मिनिटाला चार लिटर पाणी तो १५-१६ अंशांनी तापवत असेल, म्हणजे बादली भरतेय, खुशाल वापरा. पण तो नेहमीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावलाय का, हे आपण लिहिलेलं नाही. तसं असेल तर आधी मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि पिना बघा. काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेटला जळका वास असेल, तर पुन्हा लावू नका. चांगल्या वायरमनकडून मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अर्थिंग आणि २५ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घ्या, आणि सॉकेटऐवजी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा स्विच बसवून घ्या. घरात लहान मूल असेल तर हे काम रविवारपर्यंतसुद्धा लांबवू नका.